बहात्तर पेन्स

२०२५ च्या जुलैत भाच्याचा लंडनहून मेसेज आला. मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो, त्यात लॉइड्स बँकेच्या शेअरचा भाव, आणि खाली दोन शब्द: "आत्या, आला." आणखी काही विचारायची गरज नव्हती. २०१६ च्या जूनमध्ये, ब्रेक्झिटच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, त्याने हे चार हजार शेअर ७२ पेन्सने घेतले होते (शंभर पेन्सचा एक पाऊंड). नऊ वर्षांनी तो भाव परत समोर दिसत होता.

या नऊ वर्षांत त्या शेअरवरून आम्ही तिघं किती भांडलो याचा हिशोब नाही. तिघं म्हणजे मी, भाचा आणि माझे धाकटे दीर. भाऊजींची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीन आणि तूर. मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त पीक कर्जाच्या टेबलावर. निवृत्त झाले आणि तीन वर्षांत, १ एप्रिल २०१७ ला, आमची बँक स्टेट बँकेत विलीन झाली. पासबुकावरचं नाव बदललं तेव्हा आईच्या घराला कुलूप लागल्यासारखं वाटलं होतं. ते असो. बँकेचा ताळेबंद वाचायची सवय मात्र गेली नाही, आणि त्या सवयीमुळेच मी या वादात ओढले गेले.

२४ जून २०१६, शुक्रवार. त्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. पावसाने नुकतं तोंड दाखवलं होतं आणि लोक बियाण्याच्या दुकानांपुढे उभे होते. सकाळी मी भाऊजींच्या गाळ्यावर गेले होते, त्यांच्या सुनेच्या मुदत ठेवीचे कागद द्यायला. भिंतीवरच्या टीव्हीवर बाजाराचं चॅनल चालू होतं. नऊ वाजून नऊ-दहा मिनिटं झाली असतील. लंडनमध्ये तेव्हा पहाटेचे चार-चाळीस. बीबीसीने जाहीर केलं की ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार. आपला बाजार सव्वानऊला उघडतो. जगातल्या एवढ्या मोठ्या बातमीनंतर पाच मिनिटांत भाव लावायची वेळ आपल्यावर आली होती.

सेन्सेक्स हजारावर अंशांनी आपटला. भाऊजींकडे दोन सरकारी बँकांचे शेअर होते आणि थोडे टाटा मोटर्सचे. टाटा मोटर्स पडला ते त्यांना लगेच उमगलं, कारण जॅग्वार लँड रोव्हरचे कारखाने इंग्लंडात. पण बँका?

"वहिनी, आपल्या बँकेनं तिकडं कुणाला कर्ज दिलंय का? मग हिचा भाव कशानं पडायलाय?"

मी सांगितलं की परदेशी फंडांना घाबरल्यावर पैसा हातात लागतो. मग ज्याला चटकन गिऱ्हाईक मिळतं ते आधी विकलं जातं, आणि आपल्याकडे तसं काही असेल तर ते मोठ्या बँकांचेच शेअर. भाऊजींना पटलं. त्यांच्याही धंद्यात असंच होतं. घरात लग्न निघालं की शेतकरी चांगली तूर आधी काढतो, कारण ती लगेच खपते. त्यांनी शेअर विकले नाहीत. दुपारपर्यंत बाजार निम्म्याने सावरला, ६०५ अंश खाली बंद झाला, आणि आठवडाभरात ती घसरण भरूनही निघाली.

भाच्याचं तसं नव्हतं. त्याचा फोन आला तेव्हा तो रात्रभर जागा होता. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथे राहतात त्यांना या मतदानाचा हक्क होता, त्यामुळे आमच्या पोरानेही मत दिलं होतं, संघात राहण्याच्या बाजूने. हरल्याचं दुःख त्याच्या आवाजात होतं आणि त्याखाली पैशाची भीती. संघ सोडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. पाऊंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. त्याच्या बाजारात व्यवहार सुरू होताच बँका कोसळल्या. दिवस संपला तेव्हा लॉइड्स एकवीस टक्के खाली होती, बार्कलेज आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड अठराच्या आसपास. सोमवारी आणखी पडझड झाली, आणि बार्कलेज आणि रॉयल बँकेचे व्यवहार काही वेळ थांबवावे लागले.

"आत्या, विकू का?"

मी नको म्हणाले. आणि तिथून वाद सुरू झाला.

भाच्याचं म्हणणं राजकारणाचं होतं. देशाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आता मंदी येणार, कर्जं बुडणार, बँका बुडणार. हे काही त्याच्या मनातलं नव्हतं. मतदानाआधी ब्रिटिश अर्थखात्यानेच सांगितलं होतं की बाहेर पडलो तर वर्षभरात मंदी. भाऊजींचं म्हणणं उलट. सरकारं येतात-जातात, लोक दूध-ब्रेड घेणार, घर घेणार, बँक चालणार. मी दोघांच्या मध्ये उभी राहून एकच विचारत होते: या बँकेने कर्ज दिलंय कुणाला, आणि कुठे?

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्याकडे जुलैत पावसाने ताण दिला की मोंढ्यात उधारी दुसऱ्या दिवशी बंद होते. बँकेच्या खात्यात तो दुष्काळ दिसायला मात्र पुढचा मार्च-जून उजाडतो. मधल्या काळात पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, लागते. ती पन्नास पैशांच्या आत आली की पीक कर्जाचं पुनर्गठन करून काही वर्षांचे हप्ते पाडायचे, आणि कागदावर खातं जिवंत राहतं. २०१५ साली मी निवृत्त असूनही शाखेतल्या मुलांना ते अर्ज भरायला मदत करत होते. शेअर बाजार मोंढ्यासारखा आहे, त्याला उद्याची भीती आज वाटते. बँकेचं खातं तलाठ्यासारखं, जे घडून गेलं ते वर्षाने लिहिणारं. दोन्ही खरंच बोलतात. पण बोलण्याच्या वेळा वेगळ्या, आणि त्यात गल्लत केली की माणूस चुकीच्या दिवशी विकतो.

म्हणून मी भाच्याला बँकांची यादी करायला लावली. एचएसबीसी त्या दिवशी इतरांच्या मानाने फारच थोडी पडली, कारण तिची कमाई हाँगकाँगकडे. लॉइड्सचं जवळपास सगळं ब्रिटनमध्ये, त्यातही घरकर्ज. रॉयल बँकेत २००८ च्या संकटापासून सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा सरकारचाच. बार्कलेजचा एक पाय गुंतवणुकीच्या धंद्यात. एकाच टोपलीत एवढी वेगवेगळी माणसं.

माझ्याकडेही एक ब्रिटिश बँक होती. स्टँडर्ड चार्टर्डने २०१० मध्ये भारतात आयडीआर काढले होते, १०४ रुपयांना एक, दहा मिळून लंडनचा एक शेअर. परदेशी कंपनीचा हिस्सा रुपयात, आपल्याच डीमॅट खात्यात घ्यायची ती सोय होती. पुढे दुसरी एकही कंपनी त्या वाटेने आली नाही, आणि २०२० मध्ये हेही बाजारातून काढून घेतले गेले. मी चारशे घेतले होते. ब्रेक्झिटच्या वेळी भाव निम्म्याच्या आसपास होता, पण त्याचा दोष मी ब्रेक्झिटला देऊ शकत नव्हते. ही बँक नावाने लंडनची असली तरी तिचा धंदा आशिया आणि आफ्रिकेतला, आणि तिची बुडीत कर्जंही तिकडची, भारतातलीसुद्धा. मी घेताना "लंडनची बँक" एवढंच पाहिलं होतं. भाच्याला "कर्ज कुणाला" हे विचारायला मी शिकवत होते, ते या चारशे आयडीआरनी मला शिकवलं होतं.

वादातला सगळ्यात मजबूत मुद्दा भाच्याचा होता, आणि तो समजायला मला वेळ लागला. तो म्हणायचा, लंडनमधल्या बँकेला एका परवान्यावर संघातल्या सगळ्या देशांत धंदा करता येतो, तो परवाना जाणार. मला हे कागदी वाटायचं. भाऊजींना एका मिनिटात कळलं. "लातूरच्या समितीचा परवाना घेऊन उदगीरच्या यार्डात सौदा करता येत नाही, तसंच की हे! उदगीरला बसायचं तर तिथला परवाना, तिथला गाळा, तिथला मुनीम." अगदी तेच झालं. बँकांनी फ्रँकफर्ट, डब्लिन, पॅरिसमध्ये गाळे घेतले, माणसं हलवली. युरोपच्या बँकांसाठी नियम ठरवणारी संस्थासुद्धा लंडन सोडून पॅरिसला गेली. पण याचा फटका मोठ्या सौद्यांच्या बँकांना. लीड्समधल्या शिक्षिकेला घरकर्ज देणाऱ्या लॉइड्सला त्या परवान्याचं फार काही नव्हतं. इथे आमचे दोन महिने गेले आणि शेवटी भाच्याने ते मान्य केलं.

आयर्लंडच्या सीमेचं मात्र भाऊजींनाही आधी कळेना. २०१८ च्या दिवाळीत भाचा लातूरला आला होता तेव्हा त्याने कागदावर नकाशा काढला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, खालचा आयर्लंड संघात, मध्ये उघडी सीमा, आणि १९९८ च्या शांतता करारामुळे तिथे चौकी बसवणं कुणालाच नको. मग माल तपासायचा कुठे?

सासरे गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण त्या रात्री ते आमच्यात येऊन बसल्यासारखं झालं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, निजामाच्या मुलखात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. मधून बार्शी लाइटची छोटी रेल्वे धावायची, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. सासरे लहानपणी वडिलांबरोबर मालामागे जायचे. बार्शीकडून माल आला की करोडगिरीचा नाका, तिथे जकात. आणि पैसा वेगळा: इकडे निजामाचा हाली, म्हणजे उस्मानिया शिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. सात हालीला सहा कलदार. "हाली घेऊन बार्शीला गेलं की कुणी चहा पाजत नव्हतं," असं ते सांगायचे. मी ज्या बँकेत नोकरी केली ती १९४१ मध्ये स्थापन झाली तेव्हा त्या उस्मानिया शिक्क्याचा कारभार तिच्याकडेच होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं. तरी हालीची नाणी आणि करोडगिरीचे नाके त्या दिवशी नाहीसे झाले नाहीत. ते मागे पडायला पुढची काही वर्षं गेली.

भाऊजी नकाशाकडे बघत म्हणाले, "म्हणजे नाका कुठं बसवायचा एवढ्यासाठी अडलंय सगळं."

एवढ्यासाठीच अडलं होतं. १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा संघ सोडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, त्याचं मोठं कारण हाच नाका. शेवटी त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तो समुद्रात नेला, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मध्ये. त्या जानेवारीच्या रात्री भाचा आश्चर्याने फोनवर सांगत होता की सरकार इतक्या वाईट रीतीने हरलं तरी पाऊंड सावरला. भाऊजींना त्यात नवल वाटलं नाही. पाऊस पडणार नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक असलं, की न पडल्याच्या दिवशी तुरीचा भाव वाढत नाही.

त्यानंतरचं वर्ष मला आवडलं नाही, आणि आजही ते आठवून वाईट वाटतं. भाच्याचा शेअर हा शेअर उरला नव्हता, ती राजकारणावरची पैज झाली होती. १० ऑक्टोबर २०१९ ला जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान वराडकर भेटले, करार होऊ शकेल असं दोघं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी लॉइड्स आणि रॉयल बँक दहा टक्क्यांहून जास्त वर. बँकेने त्या रात्रीत एक पाऊंडही जास्त कर्ज वाटलं नव्हतं. डिसेंबरात जॉन्सन ८० जागांच्या बहुमताने आले, पुन्हा उडी. भाचा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संसदेचं कामकाज बघायचा. मी त्याला रागावले. तुझी बँक कुणाला कर्ज देते ते सोडून कोणता खासदार मत द्यायला कुठल्या दालनात गेला ते तू मोजतोस, असं म्हणाले. तो मला म्हणाला, "आत्या, तुम्ही तिथं बसून बोलता, इथं माझं पोट आहे." मग महिनाभर आम्ही नीट बोललो नाही.

पण माझंही एक मोठं चुकत होतं, आणि ते मला २०२० नंतर समजलं. मंदी आली नाही, कर्जं बुडाली नाहीत, म्हणून मी स्वतःला बरोबर समजत होते. मग भाव वर का येत नव्हता?

उत्तर माझ्या एकतीस वर्षांच्या टेबलावरच पडलेलं होतं. ठेवीचा दर आणि कर्जाचा दर, आणि मधली फट. आमच्या खेड्यातल्या शाखांत कर्ज थोडं आणि ठेवी भरपूर असायच्या: पेन्शनरांच्या, शिक्षकांच्या, सुरतेला गेलेल्या मुलांनी पाठवलेल्या. तो पैसा हेड ऑफिसला वापरायला जायचा आणि हेड ऑफिस त्यावर शाखेला व्याज लावून द्यायचं. तो दर चांगला असला की शाखा फायद्यात, दर उतरला की तीच शाखा, तेच खातेदार, तीच माणसं, आणि नफा गायब. लॉइड्स म्हणजे अशीच ठेवींची अवाढव्य शाखा. चालू खात्यांत पडलेल्या, जवळपास फुकटच्या पैशाला किंमत येते ती बाहेर व्याजदर असतो तेव्हाच.

आणि मतदानानंतर सहा आठवड्यांत, ४ ऑगस्ट २०१६ ला, बँक ऑफ इंग्लंडने आपला दर ०.५ वरून ०.२५ टक्क्यांवर आणला होता. गव्हर्नर कार्नी यांनी अर्थव्यवस्था सावरण्यासाठी ते केलं, आणि कदाचित मंदी त्यामुळेच टळली. पण ती टळण्याची किंमत बँकांच्या फटीतून वसूल झाली. भाचा म्हणत होता राजकारणाने बँक मारली, मी म्हणत होते कर्जं शाबूत आहेत. राजकारण आत आलं होतं, फक्त मी ज्या दारावर पहारा देत होते तिथून नाही, व्याजाच्या दारातून. मी आयुष्यभर तिथेच बसले होते आणि तरी मला दिसलं नाही. हे मी भाच्याला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण तुम्ही विकू दिलं नाही, ते बरं झालं."

ते तेव्हा बरं दिसत नव्हतं. मार्च २०२० मध्ये करोनाने दर ०.१ टक्क्यावर गेला, नियामकाच्या सांगण्यावरून मोठ्या ब्रिटिश बँकांनी लाभांश रद्द केले, आणि सप्टेंबरात लॉइड्स २५ पेन्सच्याही खाली होती. ब्रेक्झिटने जेवढं पाडलं नव्हतं तेवढं. मग महागाई आली, डिसेंबर २०२१ पासून दर चढायला लागले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ झाले. फट उघडली. लॉइड्सच्या नफ्यात जीव आला, शेअर हळूहळू सरकत ७२ च्या वर गेला. या काळात ब्रिटनमध्ये पंतप्रधान किती बदलले ते भाचा बोटांवर मोजतो.

भाऊजी आता ऐंशीकडे झुकलेत, गाळा मुलगा बघतो. जुलैतला फोटो मी त्यांना दाखवला. चष्मा लावून आकडा वाचला आणि त्यांनी विचारलं, "पाऊंड तवा किती होता?" बरोबर प्रश्न. मतदानाआधी शंभर रुपयांच्या आसपास, त्याच ऑक्टोबरात ऐंशी-ब्याऐंशी, आता शंभराच्या बराच वर. भाच्याचं घर तिथे, खर्च तिथे, त्याला रुपयाचं काय, असं मी म्हणाले. "तरी पण," भाऊजी म्हणाले, आणि आकडा परत वाचला.

गेल्या रविवारी भाच्याचा फोन होता. त्याने २०२० च्या डिसेंबरात घर घेतलं, कर्ज पाच वर्षांसाठी १.६ टक्क्याने बांधलेलं. तिथे घरकर्ज असंच दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधतात. ती मुदत आता संपतेय आणि नवा दर चारच्या वर मिळतोय. कर्ज लॉइड्सचं नाही, पण दर सगळीकडे तोच. हप्ता महिन्याला अडीचशे पाऊंडांनी वाढणार. चार हजार शेअरवर गेल्या वर्षाचा लाभांश मिळाला सव्वाशे पाऊंडांच्या आसपास. त्याने भागाकार करून सांगितला: "पंधरा दिवस, आत्या. वर्षभराचा लाभांश वाढलेल्या हप्त्याचे पंधरा दिवस भागवतो."

शेअर त्याने अजून विकलेले नाहीत. विकू का, असं या वेळी त्याने विचारलंही नाही.